मुखपृष्ठावरचा डावा हात

२४ नोव्हेंबर

सकाळपासून नुसते वाढदिवस. तीन फ्लेक्स, तिन्ही एकाच साच्याचे. वर नेत्यांची रांग, मधे उत्सवमूर्ती गॉगल लावून, खाली शुभेच्छुकांच्या तोंडांची जत्रा. एकजण खुर्ची ओढून शेजारीच बसला. "ताई, माझं तोंड त्येच्यापेक्षा बारीक करू नका." दोघांची तोंडं मोजून सारखी केली. त्याच्या टोपीमुळं तो तरीही मोठा दिसत होता, ते मी सांगितलं नाही.

दुपारी बापूसर आले. शाळेत आम्हाला पी.टी. शिकवायचे, निवृत्त झाल्यावर 'खेळमाती' सुरू केलं. तिमाही. खो-खो, कबड्डी, कुस्ती, सगळं आपल्या जिल्ह्याचं. पहिल्या अंकापासून कव्हर माझं. आजवर सर अंक पिशवीत घालून स्पर्धांना न्यायचे आणि मैदानाच्या कडेला उभं राहून खपवायचे. आज बसायच्या आधीच म्हणाले, "मनीषा, जानेवारीचा अंक स्टॉलवर जाणार. सोलापूर, लातूर, पुणं. सोलापूरच्या एजन्सीवाल्याशी बोललोय."

माऊस सोडून उभीच राहिले. त्या गुळगुळीत क्रिकेटवाल्यांच्या शेजारी आपलं 'खेळमाती'!

अट जाताना सांगितली, चपला घालता घालता. एजन्सीवाला आधी कव्हर बघणार. पसंत पडलं तरच अंक उचलणार. "म्हणजे आता सगळं तुझ्यावर आहे बघ."

बरं झालं. माझ्यावर असलेलं मला आवडतं.

२६ नोव्हें.

दुकानाच्या आतल्या खोलीची भिंत आज झाडली. सोलापूरच्या रद्दीवाल्याकडून आणलेल्या जुन्या क्रीडा मासिकांची कव्हरं तिथं चिकटवलीत. इंग्रजी, हिंदी, मराठी, एक तर कानडी. डिझाइनच्या कॉलेजात मी गेले नाही. माझं कॉलेज म्हणजे ही भिंत. ह्यांच्या भाषेत 'मनीषाचं देवघर'.

खाली बसून पुन्हा सगळी वाचली. कव्हर वाचायचंच असतं. खेळाडू एकच, संघ कधी नाही. अकरा तोंडं टाकली की एकही दिसत नाही. नजर थेट आपल्याकडं. डोकं मासिकाच्या नावावर जरासं चढलेलं, कारण नाव अर्धं झाकलं तरी लोक ओळखतात एवढा रुबाब पाहिजे. धाव डावीकडून उजवीकडं. आपण वाचतोच तसं, म्हणून उजवीकडं पळणारा पुढं निघालेला वाटतो आणि डावीकडं पळणारा काहीतरी विसरून परत आल्यासारखा. हे मला कुणी शिकवलं नाही, एकेक कव्हर बघून माझं मला कळलं, आणि त्याचा मला गर्व आहे. असू दे. रोजनिशीत नाही तर कुठं करायचा.

पण आज एक गोष्ट खुपली. रोज समोर होती, आजच खुपली. पुरुष ओरडतायत, उड्या मारतायत, घामानं निथळतायत. बाया हसतायत. एकीनं बॅट फुलांच्या गुच्छासारखी धरलीय. एकीच्या केसांवरून हेअर ड्रायर फिरवलाय हे मला इथं बसून दिसतं. दुसरी कप गालाला लावून. खेळताना एकही नाही!

ह्यांना ओढत आणून दाखवलं. बघितलं, मान डोलावली. "मग घोडं कुठं अडलंय? तू टाक की खेळताना." ह्यांना सगळं सोपं वाटतं. लग्नानंतरची सगळी वर्षं तसंच वाटत आलंय.

३० नोव्हें.

आपल्या पोरींनी जिंकली! राज्य स्पर्धा, खो-खो, आपल्याच मैदानावर. घसा बसलाय, लिहिते तेवढंच.

हे कॅमेरा घेऊन खाली मैदानात, मी बाकांवर. अंतिम सामना, वेळ संपत आलेली, आपल्याला एक गडी पाहिजे. समोरची पळणारी उंच, चपळ, कुणाच्या हाती लागेना. बेंबळीची सोनाली, कर्णधार, खांबापाशी पोचली, खांब धरला आणि सूर मारला, अख्खी आडवी. जमिनीला समांतर. मग नुसती धूळ. शिट्टी. मग तर काय, माझ्या शेजारच्या अनोळखी बाईनं मला मिठी मारली. तिच्या पदराला शेंगदाण्याच्या चटणीचा वास होता.

बापूसर रडत होते. विचारलं तर म्हणाले धूळ गेली.

क्रिकेट कुणाचं का असेना. खो-खो आमचा. इथं चहा पिता पिता माणूस कुणाचा सूर चुकला ते सांगतो.

२ डिसें.

ह्यांचे फोटो बघत बसले. शेकड्यानं. कप घेतलेली सोनाली: छान आहे, हसरी, दात स्वच्छ, पदकाची रिबन सरळ. कव्हरला आयतंच. भिंतीवरच्या सगळ्या बायांच्या रांगेत बसेल.

मग एक आला आणि हात थांबला. तोच सूर. मागून घेतलेला. खांब, त्याला धरलेली मूठ, ताणलेलं अंग, वर उडालेली वेणी, आणि पुढं लांबवलेला हात. दंडाला माती. बोटांच्या पुढं पळणारीची टाच, बाकीची ती फ्रेमच्या बाहेर. बोटं आणि टाच यांच्यात दोन बोटांचं अंतर. तोंड दिसतच नाही, खांद्याआड गेलंय.

हे मागून म्हणाले, "तो उडवणार होतो. तोंडच आलं नाही."

"उडवला असता तर तुम्हाला उडवलं असतं."

४ डिसें.

कव्हर केलं. दिवसभर गिऱ्हाईक घेतलं नाही.

अडचण एकच होती. फोटोत सोनाली डावीकडं झेपावतीय. खांब उजवीकडं, हात डावीकडं. म्हणजे मासिकाच्या दुमडीकडं, पिना मारतात त्या कडेकडं, उलटं, घरी परत निघाल्यासारखं. आडवा आरसा मारला, एक क्लिक. झाली उजवीकडं! लगेच सगळं जागेवर. पाठीवरचा नंबर इंग्रजी आठ, तो उलटला तरी आठच, म्हणून तेही काम वाचलं. नाव वर मातीच्या रंगात, वेणीचं टोक नावावर चढवलं. डोकं नाही तर नाही, वेणी तर चढली.

खाली एकच ओळ. 'आता?' बस्स.

सुरेख झालंय. खोटं कशाला बोलू, इतकं चांगलं मी याआधी काही केलं नव्हतं.

५ डिसें.

बापूसरांनी प्रूफ डोळ्यांजवळ धरून बघितलं. मग, "तोंड नाही, पण चालेल. नाही, पळेल!" त्यांनी संघातल्या मुलींच्या ग्रुपवर टाकलं. अंगठे, बदाम, फटाके. सोनालीकडून काहीच नाही. लाजली असेल म्हटलं.

८ डिसें.

आज जे झालं ते नीट लिहायचंय.

सराव संपवून सोनाली दुकानात आली. पायात बूट, गुडघ्याला पट्टी, दारातच उभी. बस म्हटलं तर बसेना. बेंबळीची बस चुकेल म्हणाली.

"ताई, फोटू लई भारी झालाय. सगळ्या पोरी म्हणायल्यात."

"आणि तू?"

"एक सांगू का? राग नका मानू. त्यात मी न्हाय."

मला वाटलं, तोंडाचं म्हणतीय. समजावायला लागले की तोंड नसलं तरी जिल्हा तुला पाठीवरून ओळखतो वगैरे. तिनं मान हलवली.

"तोंडाचं न्हाय ओ. हात. मी डावरी हाय."

मी स्क्रीनकडं बघितलं. आरसा. उजवा हात पुढं, डाव्यानं खांब धरलेला. सगळं नेमकं उलटं.

मग ती आत आली, टेबलाचा कोपरा खांब समजून धरला आणि मला दाखवलं. उजव्या हातानं खांब, डावा पुढं. "पळणारीला वाटतं ही उजव्यानं येणार. ती तेवढंच अंतर ठिवून वळती. आन् मी डाव्यानं घेती. तितंच तर सगळा खेळ हाय माजा." बोलताना डोळे चमकत होते. पहिल्यांदा ती मला कर्णधार दिसली.

मी म्हटलं, "अगं, मग त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"ऱ्हाऊ द्या म्हटलं. लहानपणापस्नं समदे उजवाच करायला लावतेत. जेवायचा हात, लिवायचा हात. घरी आज्जी, साळंत बाई." आणि हसली. "आता तुमीबी केला."

चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. हसली.

ती बसला पळाली. मी बसून राहिले. भिंतीवरच्या बायांना खेळू देत नाहीत म्हणून तणतण करणारी मी. एकीला खेळताना घेतलं आणि तिचा हातच बदलला. कशासाठी, तर उजवीकडं पळणारा पुढं गेल्यासारखा वाटतो म्हणून. लाज वाटली. सरळ लाज.

९ डिसें.

बापूसरांना सांगितलं. त्यांचा चेहराच उतरला. दहा वर्षांची असल्यापासून ते तिला शिकवतायत. "माझ्या कसं लक्षात नाही आलं?" पुन्हा पुन्हा तेच. मग स्वतःच उत्तर शोधलं, "मी शुद्धलेखन बघत होतो."

'आता?' एवढ्या एका शब्दात काय शुद्धलेखन बघत होते देव जाणे. तेवढ्यावर मला हसू आलं आणि त्यांनाही.

आरसा काढला. कव्हर कोसळलं. सोनाली डावीकडं, दुमडीकडं, नियमाच्या बरोबर विरुद्ध. नाव हलवलं, शब्द हलवला, फोटो लहान केला, मोठा केला. प्रत्येक वेळी ती पानातून बाहेर निघून चाललीय असं दिसतं. हे चहा घेऊन आले, बघितलं, चहा ठेवून काही न बोलता गेले. शहाणा माणूस.

११ डिसें.

सापडलं!

बसून बसून डोकं फिरलं म्हणून भिंतीवर अजून न चिकटवलेली जुनी मासिकं टेबलावर टाकली आणि स्टॉलवाला रचतो तशी एकावर एक रचली. सोलापूरच्या स्टँडवर बघते ना मी नेहमी. दिसते ती फक्त डावी पट्टी. कुणाचं अर्धं अक्षर, कुणाचा कान, कुणाच्या बॅटचा दांडा. त्यात आमचं प्रूफ सरकवलं.

एक हात बाहेर आला. मातीनं भरलेली चार बोटं आणि एक टाच. वरच्या अंकाखालून कुणीतरी काहीतरी पकडायला निघालंय, नुसतं एवढंच दिसतं. माझाच हात आपोआप गेला अंक ओढायला!

ह्यांना हाक मारली, सांगितलं काहीच नाही, नुसतं बघा म्हटलं. ह्यांनीही ओढला. मग माझ्याकडं बघितलं. "आरसा लावला असता तर हात पलीकडं गेला असता. हितं नुसता खांब दिसला असता."

व्हय! हेच. नियमानं ती उजवीकडं पळाली असती आणि स्टॉलवर दिसला असता लाकडाचा खांब. टाच दुमडीच्या अगदी जवळ ठेवली, पण दुमडीत जाऊ दिली नाही. वेणी पुन्हा नावावर. आता ती परत चाललेली दिसत नाही. मला तरी नाही.

सोनालीला फोटो पाठवला. तिचं उत्तर: 'ही मी.'

१३ डिसें.

एजन्सीवाल्याचा फोन. आवाजात गोडी, मजकूर कडू.

"मॅडम, खेळाडू उलटी चाललीय."

म्हटलं, ती डावरी आहे.

"असंल हो. गिऱ्हाइकाला काय त्याचं? आणि तोंड कुठंय? पोरीनं कप घेतलेला एखादा फोटो असंलच की. कव्हर कसं असतं हे तुमाला सांगायला पाहिजे का आता?"

मला! कव्हर कसं असतं! फोन स्पीकरवर होता, बापूसर समोर होते, म्हणून गिळलं. नाहीतर भिंतीसकट ऐकवलं असतं.

त्याचं शेवटचं म्हणणं: कपवालं द्या, हवे तेवढे अंक उचलतो. हे दिलं तर विचार करावा लागेल.

फोन ठेवल्यावर सर खिडकीतून बाहेर बघत राहिले. त्यांना स्टॉल किती हवाय हे मला माहितीय. मागं एकदा पुण्याच्या स्टँडवर उभे राहून ते सगळी क्रीडा मासिकं चाळत होते आणि स्टॉलवाल्याला विचारत होते, "खो-खोचं काही नाही का?" तो म्हणाला होता, "त्याचं मासिक असतं?" ही गोष्ट सरांनी मला किमान वीस वेळा सांगितलीय.

म्हणाले, "तू कपवालंही करून दे. दोन्ही बघू."

१४ डिसें.

केलं. आणि रागानं का होईना पण चांगलंच केलं. वाईट करून हरवायचं ही माझी रीत नाही. नजर थेट आपल्याकडं, डोकं नावावर, कप सोनेरी, नियमाला धरून. कुठल्याही मासिकाशेजारी शोभेल. सोनाली त्यात गोड दिसते.

गोड. तोच तर राग.

१५ डिसें.

सर दोन्ही कव्हरं छापून मैदानावर घेऊन गेले, मीही गेले. सरावाला आलेल्या लहान मुली, चौथी-पाचवीच्या, गोल करून उभ्या केल्या. सोनाली मुद्दाम लांब, दोरीच्या उड्या मारत होती, पण कान इकडंच.

आधी कपवालं. "छान हाय." "सोनीताई गोरी दिसायली." "कप केवढाऽ!" एकीकडून दुसरीकडं गेलं आणि परत आलं.

मग दुसरं. एक बारकीशी पोरगी, दोन वेण्या, पुढचा दात पडलेला, तिनं कागद धरला आणि सोडेना. सरांकडं बघून म्हणाली, "सर, झाली का वो बाद?"

सर माझ्याकडं वळून म्हणाले, "हे जाणार. स्टॉलवर नाही तर नाही. पिशवी आहे अजून माझी."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, मैदान भरलेलं होतं. पण तो माणूस आज मला फार मोठा वाटला, आणि त्याच्या मासिकाचं कव्हर मी करते याचा अभिमान वाटला, हे इथं लिहून ठेवते.

दोरीचा आवाज थांबला होता. सोनाली पाठ करून बुटाची नाडी बांधत होती. बराच वेळ.

१७ डिसें.

सरांनी एजन्सीवाल्याला काय सांगितलं देव जाणे. मला एवढंच कळलं की तो सोलापूरच्या स्टॉलपुरते थोडे अंक ठेवून बघतो म्हणालाय. लातूर-पुण्याचं तो अंक खपल्यावर सांगणार. "खपले नाहीत तर पुढच्या टायमाला माझ्या म्हणण्याप्रमाणं कव्हर," असं वर.

सर म्हणाले, हो म्हटलंय मी.

२७ डिसें.

अंक आले! सरांनी गठ्ठा दुकानात सोडला, सुतळी ह्यांनी कापली. मातीचा रंग छापताना हवा त्यापेक्षा एक चिमूट लाल आलाय. मला दिसतो, दुसऱ्या कुणाला नाही. बाकी हात, बोटं, टाच, वेणी, सगळं जसंच्या तसं. हे पहिला अंक घेऊन बाहेर उभे राहिले आणि समोरच्या चहावाल्याला, शेजारच्या मोबाइलवाल्याला, एका अनोळखी दुचाकीवाल्यालाही दाखवला. "आमच्या मिसेसनं केलंय." फोटो स्वतःचा आहे हे सांगायचं विसरले.

त्यांना आत बोलावून सांगितलं, फोटो तुमचा आहे. म्हणाले, "फोटो तर मी उडवणार होतो."

३० डिसें.

फ्लेक्सचे रोल आणायला सोलापूरला. रोल दुपारी, स्टँड आधी.

लांबूनच बघितलं. क्रिकेट, क्रिकेट, फुटबॉल, शरीरसौष्ठव, आणि त्यांच्या मधून हात. बाहेर आलेला, मातीचा, डावा. जवळ गेले नाही, पलीकडच्या बाकावर बसून राहिले, वेफर्सचा पुडा घेऊन.

दोघं-तिघं आले, क्रिकेटवालं घेऊन गेले. एक आजोबा राशिभविष्य. मग कॉलेजातलं एक पोरगं, पाठीला सॅक. त्यानं ओढला. उलटसुलट बघितला. स्टॉलवाल्याला विचारलं, "बाद झाली का हो ही?"

स्टॉलवाला म्हणाला, "मला काय म्हाईत. घे आन् बघ."

पोरानं घेतला का? नाही. ठेवून दिला. मी वेफर्स चुरगाळले. दहा पावलं गेलं आणि परत आलं, घेतला!

रोल आणायला उशीर झाला. हे फोनवर ओरडले. ओरडू दे.

५ जानेवारी, येळवस

आमच्याकडचा मोठा सण हा, रानात जेवायचा. सोनालीच्या आईनं दोनदा फोन करून बोलावलं होतं. हे, मी, बापूसर, तिघंही बेंबळीला. ज्वारी डोक्याएवढी, मधे कडब्याची खोप, खोपीत पाच दगडांची पूजा, बाहेर सतरंजी. भज्जी, उंडे, माठात आंबील. सगळं गाव रानात.

सरांनी अंक आणले होते. सोनालीच्या आईनं हात पुसून घेतला, बघितला, पदर तोंडाला लावला. मग मला म्हणाली, "ताई, पुढल्या टायमाला तोंडबी येऊ द्या बगा. पावण्यांस्नी कसं कळंल कुणाची पोर ती?" सर माझ्याकडं बघून मिशीत हसले. एजन्सीवाला आणि ही, दोघांचं एकच म्हणणं! काय बोलणार.

आज्जी खोपीच्या सावलीत बसलेली. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, डोळे मात्र लख्ख. तिनं अंक मागितला. नाव नाही वाचलं, शब्द नाही, वेणी नाही. सरळ हातावर बोट ठेवलं.

"ह्यो तर डावा हाय."

सोनाली माठापाशी उभी, पळी उजव्या हातात, आम्हाला आंबील वाढायला निघालेली.

आज्जी म्हणाली, "ह्यो हात म्या सुतळीनं बांदून ठिवायची. जेवायच्या वक्ताला. रडायची लई." कुणालाच उद्देशून नाही, ज्वारीकडं बघून. "म्या म्हनायची, पोरगी लोकाच्या घरी जायाची, डाव्या हातानं वाढंल तर काय म्हनतील."

अंक परत दिला नाही. मांडीवर ठेवला. बोट तिथंच.

मग सोनालीकडं न बघता म्हणाली, "वाढ की पावण्यांना. उबी काय ऱ्हायलीस." आणि थोडं थांबून, "वाढ डाव्यानं. आजच्या दिस."

सोनालीनं आईकडं बघितलं. आईनं मान खाली घातली. तिनं पळी डाव्या हातात घेतली आणि पहिली वाटी आज्जीपुढं धरली.

आज्जी वाटीकडं बघत राहिली. मग अंकावरचं बोट उचललं आणि वाटी घेतली.